केळुसकरांची सतरा कलमं

केळुसकरांची आठवण झाली की मी आधी घड्याळात बघतो. चार मिनिटं दहा सेकंद. घराबाहेर पडण्याआधीच्या त्यांच्या यादीला, मध्ये काही विघ्न आलं नाही तर, एवढा वेळ लागत असे. विघ्न आलं तर किती लागायचा याचं माप माझ्याकडे नाही, कारण तोवर माझी सात पन्नासची बस गेलेली असायची.

मी वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात होतो. ऑफिस बेलापूरला, पण आठवड्यातले निम्मे दिवस वाशीच्या घाऊक बाजारात व्यापाऱ्यांचे काटे तपासण्यात जात. त्यामुळे मोजण्याची खोड मला आहे, ती मी नाकारत नाही. पण केळुसकरांपुढे मी अगदीच ढिसाळ माणूस ठरायचो.

नव्वदच्या पुढेमागे आम्ही वाशीला एका चार मजली सोसायटीत राहायला आलो. तिसरा मजला, जिन्यावर समोरासमोर दोन दारं. समोरच्या दारावर पाटी होती : मो. वि. केळुसकर, फ्लाइट इंजिनियर. सोसायटीत सगळे त्यांना कॅप्टन म्हणत आणि ते प्रत्येकाला न चुकता दुरुस्त करत. जुन्या चार इंजिनांच्या विमानांत दोन वैमानिकांच्या मागे एक तिसरा माणूस बसत असे. त्याच्यासमोर भिंतभर तबकड्या, दिवे आणि खटके. तेल, वीज, हवेचा दाब, सगळं त्याच्या ताब्यात. "पुढे दोघं नवरा-बायको," केळुसकर सांगायचे, "आणि मागे मी सासू. संसार त्यांचा, लक्ष माझं." तेव्हा नवीन विमानं येत होती, त्यांत ही सासूची खुर्चीच नव्हती. ते केळुसकर सहसा सांगत नसत.

माणूस बुटका, गोरा, वेंगुर्ल्याकडचा. शर्टाच्या खिशात नेहमी एक छोटी टॉर्च, भर दुपारीसुद्धा. कुठे काही बिघडलं, जळलं, फुटलं की ते पहिल्यांदा खाली बसायचे, दोन्ही तळहात मांड्यांवर ठेवायचे आणि नुसते बघत राहायचे. बाकीचे धावत असायचे. हे बघून माझा जो जीव जायचा तो मी शब्दांत सांगू शकत नाही.

पहिल्यांदा पाहिलं ते मीटरच्या खोलीत. जिन्याखालून धूर येऊ लागला होता. आम्ही सात-आठ जण खाली धावलो, कोणीतरी पाण्याची बादली आणली. केळुसकर पायरीवर बसले, हात मांड्यांवर. "पाणी टाकू नका," एवढंच म्हणाले. मग टॉर्च मारून एकेक मीटर बघितला. मी मनात मोजत होतो. अठरा सेकंद. धूर चालू असताना अठरा सेकंद हा फार मोठा वेळ असतो. मग उठले, मधला मोठा खटका बोटाने दाखवला, आमच्या सेक्रेटरींना त्याच्यावरचं नाव मोठ्याने वाचायला लावलं आणि मगच तो खाली ओढला. धूर थांबला. बादलीवाल्याने पाणी टाकलं असतं तर शॉक लागून तो तिथेच गेला असता, हे नंतर वायरमनने सांगितलं.

इथे हा विषय संपायला हवा होता. पण आठ दिवसांत मीटरच्या खोलीत प्लास्टिकच्या कव्हरातली एक यादी लटकली. मग पाण्याच्या पंपाजवळ दुसरी. प्रत्येक यादीच्या डोक्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं : 'आधी हात मांडीवर. एकाने वाचावे, दुसऱ्याने करावे.' वाचणाऱ्याने फक्त वाचायचं. करणाऱ्याने ती वस्तू डोळ्यांनी बघायची, तिला बोट लावायचं आणि मोठ्याने उत्तर द्यायचं. उत्तर बरोबर आलं की पुढचं कलम. मध्ये कोणी बोललं, फोन आला, शिंक आली, तरी पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतर महिन्याभराने एका सकाळी गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. खाली उतरलो तर आमचे वॉचमन पाटीलमामा पंपासमोर उभे. पाणी जिन्यावरून खाली येतंय आणि हे यादीकडे बघतायत. पंप बंद का करत नाही, असं मी ओरडलोच. मामा शांतपणे म्हणाले, "कोन वाचनार साहेब? इथं मी एकलाच हाय." वीस मिनिटं पाणी वाहिलं होतं. एक बटण दाबायचं होतं. मी तणतणत केळुसकरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाणीच गेलं ना? चुकीचा खटका तर नाही ना पडला?" या माणसाशी वाद घालण्यात काही अर्थ नसायचा.

घराची यादी सतरा कलमांची. गॅस, तीन नळ, इस्त्री, खिडक्या, देवापुढचा दिवा, असं करत शेवटचं कलम किल्ली. आम्ही राहायला आलो तेव्हा त्यांच्या पत्नी, वत्सलावहिनी, वाचायच्या. सकाळी बंद दाराआडून त्यांचा आवाज यायचा, "इस्त्री", आणि मागोमाग यांचा, "बंद, गार." मला आणि माझ्या बायकोला, सुनंदाला, हसू यायचं. दुसऱ्या वर्षी वहिनी गेल्या. अगदी थोड्या दिवसांच्या दुखण्याने गेल्या. सगळे पाहुणे परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आमची बेल वाजली. केळुसकर युनिफॉर्ममध्ये, हातात प्लास्टिकचं कव्हर.

"जगताप, वाचणारं माणूस लागतं," ते म्हणाले.

नाही कसं म्हणणार? मला वाटलं, आठ दिवस. ते चार वर्षं चाललं. फ्लाइट असेल तेव्हा, आणि नसली तरी बाजारात जायचं असेल तेव्हा. एकदा नवव्या कलमाला त्यांचा फोन वाजला, मग पुन्हा नवव्याला गॅसवाला आला. त्या दिवशी मी एकंदर पस्तीस कलमं वाचली आणि ऑफिसात लाल शेरा घेतला. सुनंदा डबा हातात देताना म्हणायची, "जा, विमान खोळंबलंय तुमचं." तुम्हाला सगळं पाठ आहे, मग मी कशाला, असं मी एकदा त्यांना चिडून विचारलं. त्यावर त्यांनी मला दारात उभं करून त्यांच्या नोकरीतली एकच गोष्ट सांगितली. एरवी त्यांनी कधी विमानाच्या गोष्टी सांगितल्या नाहीत.

विमानाच्या प्रत्येक इंजिनाला वीज तयार करणारा एक जनरेटर असतो. तो फार तापला तर त्याचा इंजिनाशी असलेला सांधा तोडावा लागतो. त्यासाठी झाकणाखाली एक खटका असतो. एकदा तोडला की हवेत असेपर्यंत तो पुन्हा जोडता येत नाही. केळुसकर तेव्हा नवीन होते. समुद्रावर असताना तीन नंबरचा दिवा लागला. चार नंबरचा जनरेटर निघतानाच बंद होता. यांना सगळी कृती तोंडपाठ. पुस्तक न उघडता यांनी "नंबर तीन" म्हणत झाकण उचललं, आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या इंजिनियरने यांचं मनगट धरलं. यांचं बोट दोनवर होतं. तोंड तीन म्हणत होतं. दोन तुटला असता, तीन तापलेला, चार आधीच बंद. अख्खं विमान एका जनरेटरवर आलं असतं. त्या म्हाताऱ्याने यांचे दोन्ही हात उचलून मांड्यांवर ठेवले आणि स्वतः पुस्तक उघडून वाचायला लागला.

"पाठ असतं ना जगताप, तेच खोटं बोलतं," केळुसकर म्हणाले. "चला. एक."

माझी बस गेलीच.

चप्पलांच्या रॅकवरून आमचं भांडण झालं ते यानंतरच्या वर्षी. आमच्या दाराबाहेर, म्हणजे त्यांच्या घरातून निघालं की उजव्या हाताला, एक लाकडी रॅक होता. पहिल्या दिवसापासून तिथेच. एकाएकी केळुसकर त्याला धडकू लागले. तीनदा धडकले आणि मला सांगू लागले की तुम्ही रॅक पुढे सरकवलाय. मी नाही म्हटलं. त्यांनी सोसायटीला लेखी तक्रार दिली. आता काट्याच्या माणसाला खोटं ठरवायचं म्हणजे काय? मी ऑफिसातली पोलादी टेप आणली आणि सेक्रेटरींसमोर मोजून दाखवलं. भिंतीपासून अकरा इंच. भिंतीवर रॅकच्या कडेची जुनी रेघ उमटलेली होती, तीही दाखवली. केळुसकर म्हणाले, "मोजायला काय, मोजता येतं." मी तीन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. यादी मात्र वाचत होतो.

फ्लाइट इंजिनियरची दर सहा महिन्यांनी परीक्षा होते. जमिनीवरच एक खोटं विमान असतं, त्यात बसवून एकामागोमाग एक बिघाड दाखवतात. केळुसकरांची निवृत्ती वर्षावर आली होती आणि ही त्यांची शेवटून दुसरी परीक्षा. नापास झाले असते तर लगेच घरी बसावं लागलं असतं. "वर्ष पुरं करून माझ्या पायांनी खाली यायचंय मला," ते म्हणाले. "कोणी हाताला धरून उतरवायला नको." म्हणून त्यांनी दिवाणखान्यातलं शोकेस हलवून तिथे एक प्रचंड कागद चिकटवला. त्यांच्या विमानातली भिंत, खऱ्या मापाची, छापलेली. तबकड्या, दिवे, खटके, इंजिनांचे एक ते चार असे उभे रकाने. समोर खुर्ची. आणि त्या खुर्चीमागे, अर्थातच, मी. हातात लाल काठाचं पुस्तक, आणीबाणीच्या याद्यांचं. रोज संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ. बाजारात दिवसभर कांद्याच्या गोण्यांवर वाकून आल्यावर मी घरी येऊन 'हायड्रॉलिक प्रेशर लॉस' वाचत असे.

पहिले काही दिवस मी पुस्तकात बघून वाचत होतो आणि कानाने उत्तर ऐकत होतो. उत्तर बरोबर आलं की पुढे. त्यांचं एकही उत्तर चुकत नव्हतं. मग एका संध्याकाळी कंटाळून मी मान वर केली. मी वाचलं होतं, "जनरेटर ड्राइव्ह, नंबर थ्री." केळुसकर म्हणाले होते, "थ्री. डिस्कनेक्ट." त्यांचं बोट दोनवर होतं.

मला वाटलं, चुकून झालं. एखादा काटा एकदा चुकला तर आम्ही हात चुकला असं धरतो. पुन्हा वजन घालतो. म्हणून मी काही बोललो नाही, खिशातल्या छोट्या वहीत एक रेघ मारली. दुसऱ्या दिवशी चार रेघा. तीन आठवड्यांत तीन आणि चार नंबरच्या रकान्यांवर त्यांनी एकशे अठरा वेळा बोट ठेवलं, त्यांपैकी एकतीस वेळा एक घर डावीकडे. एक आणि दोन नंबरला एकदाही नाही. काटा असा सतत एकाच बाजूला चुकू लागला की हाताचा दोष नसतो, काट्याचा असतो. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पंधरा वर्षं मी तेवढंच काम करत होतो.

तरी मी गप्प राहिलो. का, ते खरं सांगतो. एक तर परीक्षा सोमवारी होती आणि ती झाली की माझ्या संध्याकाळी सुटणार होत्या. दुसरं, वहिनी गेल्यानंतर या माणसाकडे दोनच गोष्टी उरल्या होत्या, ती खुर्ची आणि या याद्या. त्यातली एक मी कशी काढून घ्यायची? खात्याचे लोक आहेत, डॉक्टर आहेत, त्यांचं ते बघतील. शनिवारी दुपारी मी वही सुनंदापुढे ठेवली. तिने आकडे वाचले आणि म्हणाली, "विमानात माणसं बसतात ना हो?" आणि भाजी चिरायला लागली.

त्या संध्याकाळी मी वाचायला बसलो. बारा-पंधरा कलमं सुरळीत गेली. मग मी वाचलं, "जनरेटर ड्राइव्ह, नंबर थ्री."

"थ्री. डिस्कनेक्ट."

मी पुढचं वाचलं नाही.

"पुढे," केळुसकर म्हणाले.

"जनरेटर ड्राइव्ह, नंबर थ्री," मी पुन्हा वाचलं.

"अहो डिस्कनेक्ट म्हटलं ना. झोप आली का?"

"केळुसकर, बोट कुठे आहे?"

ते हसले असावेत, मला पाठ दिसत होती. मग पाठ ताठ झाली. त्यांनी बोट तसंच ठेवलं आणि डावीकडून मोठ्याने मोजलं. एक. दोन. तिथे बोट होतं. मग त्यांनी मान वळवली, पार खांद्यापर्यंत, आणि उजव्या टोकाचा रकाना बघितला. त्यांची जुनी पद्धत होती, तीन आणि चार नंबर ते उजव्या टोकाकडून धरत. टोकाचा तो चार, त्याच्या अलीकडचा तीन. आणि मान वळलेली नसली की टोकाचा रकाना त्यांना दिसतच नव्हता, मग दिसेल तो शेवटचा, म्हणजे तीनच, ते चार धरत. त्यांनी हात खाली घेतले आणि मांड्यांवर ठेवले. मी सवयीने मोजायला लागलो होतो, मध्येच थांबलो.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवडे."

"आणि तुम्ही वाचत राहिलात."

मी वही पुढे केली. त्यांनी टॉर्च काढली, दिवा चालू असताना. सगळी पानं बघितली. "एकशे अठराला एकतीस," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. इतके चिडलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "चूक नीट लिहून ठेवायची आणि ज्याची आहे त्याला सांगायची नाही. तुमच्या खात्यात असंच चालतं का हो जगताप? काटा खोटा सापडला तर तुम्ही काय करता?"

"सील करतो," मी म्हणालो.

"मग?"

चार वर्षं मी या माणसावर वैतागत आलो होतो. रॅकचं सोडलं तर माझ्यावर वैतागायची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि ती रास्त होती. मी पुस्तक मिटलं. ते कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे तुमचा तो रॅक..."

"अकरा इंच," मी म्हणालो.

"हं," केळुसकर म्हणाले.

सोमवारी ते युनिफॉर्म घालून गेले. परीक्षेच्या खुर्चीत बसलेच नाहीत. आधी वरिष्ठांच्या खोलीत गेले आणि माझ्या वहीची पानं त्यांच्या टेबलावर ठेवली. ती वही त्यांनी माझ्याकडून मागून नेली होती, मला परत मिळाली नाही. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर हळूहळू जाते आणि ज्याची जाते त्यालाच शेवटी कळतं. औषधाने आहे ती टिकेल, गेलेली येणार नाही. त्यांचं उडणं त्या दिवशी बंद झालं. मला त्यांनी एवढंच सांगितलं, "कोणी धरून उतरवलं नाही. मीच सांगितलं." आणि मग, जाता जाता, "उद्या साडेसात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय." म्हणजे यादी होतीच. ती कुठे जाणार?

भिंतीवरचा कागद त्यांनी स्वतः काढला. मी मदतीला गेलो तर एका टोकाला मला धरायला लावलं आणि गुंडाळतानासुद्धा माझी चूक काढली.

चार-पाच महिन्यांनी ते पुण्याला मुलीकडे कायमचे राहायला निघाले. सामान आदल्या दिवशी गेलं होतं. सकाळी साडेसातला बेल वाजली. घर रिकामं, इस्त्री नाही, देव नाहीत, पण यादी सतरा कलमांचीच. नव्हे, अठरा. शेवटच्या कलमाच्या वर त्यांनी पेनाने एक घातलं होतं : 'मान वळवून उजवीकडे पाहणे.' मी वाचत गेलो. इस्त्री? "गेली." देवापुढचा दिवा? "मुलीकडे." उजवीकडे पाहणे? त्यांनी मान वळवली आणि आमच्या रॅककडे बघितलं. "आहे," म्हणाले. किल्ली? त्यांनी कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "जगतापांकडे."

शेवटी वाचणाऱ्याने 'यादी पूर्ण' असं म्हणायचं असतं. मी तोंड उघडलं आणि आतला फोन वाजायला लागला.

रिकाम्या घरात फोन फार मोठ्याने वाजतो. खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता. मुलीचाच असणार, निघालात का म्हणून. मी मनात म्हणत होतो, जाऊ द्या हो केळुसकर, एकदा तरी जाऊ द्या. माझ्या घड्याळात सात त्रेचाळीस झाले होते. फोन थांबला. केळुसकर सावकाश खाली वाकले, माझ्या त्या रॅकवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

मी कुलूप उघडलं, दार आत लोटलं आणि यादी वर धरली.

"एक," मी म्हणालो. "गॅस."

त्या दिवशी मी ऑफिसला चाळीस मिनिटं उशिरा पोचलो.